आक्का आणि माझा अंगठा

खोली भाड्यानं घ्यायला गेलो तेव्हा आक्कांनी माझं आधार कार्ड मागितलं नाही, गाव विचारलं नाही, पगारही विचारला नाही. "हात दाव," एवढंच म्हणाल्या.

मला वाटलं, बाई भविष्य बघतात. मी उजवा तळहात पुढं केला. त्यांनी तो पालथा केला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि एकेक बोट चिमटीत धरून नखं बघायला लागल्या. बाजारात भेंडी निवडताना बाया बघतात तशा.

"ही कुणी खाल्ली?"

"मीच."

"कावून? घरी जेवाय घालत न्हवते का?"

वडवणीच्या एका शाळेत मी तेव्हा मराठीचा शिक्षक म्हणून नुकताच लागलो होतो. एम. ए., बी. एड. मुलांना शुद्धलेखन शिकवत होतो, गावच्या कार्यक्रमांत सूत्रसंचालन करत होतो, आणि नखं खात होतो. लहानपणी आईनं माझ्या बोटांना कडुनिंबाचा पाला वाटून लावून बघितला होता. त्यातून एवढंच झालं, की मला कडुनिंबाची चव आवडायला लागली.

"खोली देते," आक्का म्हणाल्या. "पर बोट तोंडात गेलेलं दिसलं, का दुसऱ्या दिवशी तुझी पेटी भाईर."

एवढाच आमचा भाडेकरार.

आक्का साठीच्या पुढच्या. उंच, हाडापेरानं मोठ्या, आवाज असा की ओसरीत बोलल्या तर मागच्या गल्लीतली माणसं उत्तर द्यायची. नवरा मोठा जमीनदार होता, तो वारलेला. मुलं पुण्याला. गावाबाहेर कपाशीची जमीन होती, ती त्या स्वतः बघत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा आणि त्याच जुडग्यात एक नेलकटर. कुणाशी बोलताना त्यांची नजर तोंडावर फार वेळ टिकायची नाही, हळूच खाली हातांवर यायची. मुख्याध्यापक एकदा मला भेटायला घरी आले होते. ते गेल्यावर आक्का म्हणाल्या, "माणूस बरा हाय, पर करंगळीचं नख कशाला वाढिवलंय? कान कोराय?" त्यानंतर मला मुख्याध्यापकांसमोर गंभीरपणे उभं राहणं कधीच जमलं नाही.

कापसाची वेचणी सुरू झाली की आक्कांच्या अंगणात दुपारनंतर चूल पेटायची. वाळलेल्या बोंडाला काट्यासारखी टोकं असतात. वेचताना ती नखाच्या कडेला टोचतात, कातडी फाटते, त्यात धूळ जाते आणि नखाची कड लाल होऊन ठणकायला लागते. आमच्याकडं त्याला नखुरडं म्हणतात. वेळीच लक्ष दिलं नाही तर त्यात पू धरतो. आक्कांच्या शेतातल्या बाया, शेजारच्या शेतातल्या बाया, कधी बाजारातला एखादा भाजीवाला, सगळे त्या अंगणात लाकडी बाकावर बसलेले असायचे. प्रत्येकाच्या पुढ्यात एक स्टीलची वाटी आणि वाटीत एक बोट.

त्या वाट्यांच्या बुडाला आक्कांनी नेलपॉलिशचा लाल ठिपका देऊन ठेवला होता, स्वयंपाकघरातल्या वाट्यांत मिसळू नयेत म्हणून. एकदा एक ठिपक्याची वाटी चुकून आमटीवर झाकण म्हणून ठेवली गेली. आक्कांनी आमटीचं अख्खं पातेलं ओतून दिलं आणि त्या रात्री आम्ही दोघं चटणी-भाकरी खाऊन झोपलो.

उपचार साधा होता. पाणी कोमट, हाताला सोसेल इतकंच, त्यात चिमूटभर मीठ. बोट बुडवून गप बसायचं. निवलं की पाणी बदलायचं. मग धुतलेल्या फडक्यानं टिपून बोट अगदी कोरडं करायचं. दिवसातून तीन-चारदा असं करायचं आणि मधल्या वेळात त्या बोटानं भांडी घासायची नाहीत. बस. बाकी सगळ्याला मनाई. सुई लावायची नाही, बाभळीचा काटा लावायचा नाही, चुना नाही, हळद-तेलाचं पोटीस नाही. कुणी कड दाबून बघायला लागला की आक्का हातावर चापट मारायच्या. "दाबायचं न्हाई. ते काय लिंबू हाय का पिळाय?"

लिंबाचा तर त्यांना विशेष राग. लिंबाला भोक पाडून त्यात ठणकणारं बोट घालून ठेवायचं, हा आमच्या भागातला सगळ्यांचा आवडता इलाज. "लिंबू सरबताला असतंय," आक्का म्हणायच्या. "फाटलेल्या कातड्याला आंबट कशाला चारता?"

आणि त्यांची एक हद्द होती. दोन दिवसांत उतरलं नाही, पू दिसला, लाली पुढं सरकायला लागली, ताप आला, तर त्या दारात उभं करायच्या नाहीत. "माझं काम संपलं. दवाखाना." साखरेच्या पेशंटला तर बाकावर बसूच द्यायच्या नाहीत. नवीन माणूस दिसला की ओसरीतून हाक यायची, "साखर हाय का?" एकदा एका पाहुण्यानं "हाय की, चहा ठेवा" असं उत्तर दिलं होतं.

हे खूळ त्यांनी कुठून घेतलं, ते कुणाला माहीत नव्हतं. कुणी म्हणायचं त्यांच्या आईचं बोट गेलं, कुणी म्हणायचं त्यांना नर्स व्हायचं होतं. मी एकदा सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "तू दाढी कावून करतो, इचारलं का मी कधी?"

बोट पाण्यात असेपर्यंत मोबाईल बघायचा नाही, हाही नियम होता. दुसऱ्या हातात मोबाईल दिसला की आक्का तो काढून पदराखाली ठेवायच्या. त्यामुळं माणसांना एकमेकांशी बोलण्यावाचून गत्यंतर नसायचं. निवडणुकीच्या दिवसांत एक उमेदवार मतं मागायला आला. मागं गाड्यांची रांग, घोषणा, गळ्यात उपरणं. त्यानं हात जोडले आणि आक्कांना त्याच्या तर्जनीवर नखुरडं दिसलं. पुढच्या मिनिटाला तो बाकावर होता, वेचणीच्या दोन बायांच्या मध्ये. कार्यकर्ते घोषणा द्यायला लागले तर आक्कांनी त्यांना गप केलं. थोड्या वेळानं बघितलं, तर उमेदवार भिंतीला डोकं टेकून झोपला होता. प्रचारात कित्येक दिवसांत झोप मिळाली नव्हती म्हणे. गाड्या रस्त्यावर उभ्या, लाऊडस्पीकर बंद, आणि एक बाई त्याची वाटी कलंडू नये म्हणून धरून बसली होती. तो निवडून आला. आक्कांनी मत कुणाला दिलं, ते त्यांनी त्यालाही सांगितलं नाही.

अशा घरात राहून मला नखुरडं झालं.

सहामाहीचे पेपर तपासत होतो. एका विद्यार्थ्यानं 'माझा आवडता पक्षी' या निबंधात कोंबडीबद्दल लिहिलं होतं, तेही मुख्यतः रश्शाबद्दल. ह्याला गुण किती द्यावेत या विचारात मी उजव्या अंगठ्याच्या कडेचं सालपट दातानं धरून ओढलं. ते अपेक्षेपेक्षा खोल गेलं. दुसऱ्या दिवशी अंगठा ठणकायला लागला.

अंगणात चूल पेटलेली. बाकावर जागा. मी सरळ जाऊन वाटीत अंगठा घातला असता, तर गोष्ट तिथंच संपली असती. पण आक्का विचारणार, कशानं झालं? मी कापूस वेचत नव्हतो. दात हे एकमेव उत्तर होतं, आणि पेटी बाहेर जाणार होती. त्यात रविवारी मला मुलगी बघायला चौसाळ्याला जायचं होतं. मी शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना गुपचूप विचारलं. ते म्हणाले, "सर, लिंबू."

संध्याकाळी मी कडी लावून खोलीत बसलो. उजव्या अंगठ्यावर लिंबू, डाव्या हातात लाल पेन. आग अशी होत होती, की मी तपासलेल्या त्या गठ्ठ्यात बरोबरच्या खुणासुद्धा चुकीसारख्या दिसत होत्या.

"मास्तर, कोंडून कावून घेतलंय?" बाहेरून आक्का.

"पेपर तपासतोय."

"लिंबाचा वास येतोय."

"सरबत केलंय."

"थंडीत?"

"घसा जरा..."

मग चपलांचा आवाज लांब गेला. मला वाटलं, सुटलो.

रविवारी आमच्या गावाहून, चकलांब्याहून, वडील बीडला आले, तिथून आम्ही दोघं चौसाळ्याला गेलो. घर हमरस्त्यापासून आत, प्रशस्त, दारात ट्रॅक्टर. मुलीच्या वडिलांना सगळे नाना म्हणत. मुलगी गावातल्याच शाळेत गणित शिकवत होती. ती पोहे घेऊन आली, समोर बसली, आणि माझ्या लक्षात आलं की उजव्या हातानं चमचा धरणं शक्य नाही. अंगठा फुगून बोरासारखा झाला होता. मी हात खिशात ठेवला आणि डाव्या हातानं खायला लागलो.

नाना बघत होते. "पाव्हणे डावखुरे हायत का?"

"न्हाई," वडील म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

दोन्ही उत्तरं एकदमच आली. नाना म्हणाले, "बसून ठरवा काय ते." मग त्यांनी कागद-पेन पुढं केलं. "तुमचा नंबर तेवढा लिवून द्या."

मी डाव्या हातानं नंबर लिहिला. मुलीनं कागद हातात घेतला. "हा सात आहे की एक?"

"सात."

"आणि हा?"

"तोही सातच."

"हा तर नऊसारखा दिसतोय," ती म्हणाली. आवाजात थट्टा नव्हती. गणिताच्या बाईंनी वहीत चूक दाखवावी तशी ती बोलली. निघताना हात जोडायची वेळ आली तेव्हा मी खिशातला हात खिशातच ठेवून डावा हात पुढाऱ्यासारखा कपाळाला लावला. वडील गाडीत बसेपर्यंत बोलले नाहीत. गाडीत बसल्यावरही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी नानांचा वडिलांना निरोप आला. मुलाचा उजवा हात लुळा आहे, तुम्ही ते लपवलंत, आम्हाला हे जमणार नाही. वडिलांनी मला फोन केला. त्यांचा आवाज ऐकून मला पहिल्यांदा भीती वाटली. "खरं सांग," ते म्हणाले, "तुझा हात चालतोय ना?" आमच्या तालुक्यात आता मी लुळा म्हणून ओळखला जाणार, पुढं कुठलंही स्थळ येणार नाही, असं त्यांना वाटत होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला उठवेना. अंग तापलं होतं. आक्कांनी दार वाजवलं, मी कडी काढली आणि तसाच भिंत धरून उभा राहिलो. त्यांनी हात घेतला. अंगठ्यात पू धरला होता आणि तिथून एक लाल रेघ मनगटापर्यंत चढली होती.

पेटी बाहेर काढतील असं वाटलं होतं. त्यांनी पायात चपला घातल्या, किल्ल्या कमरेला खोचल्या. "चल. माझं काम न्हाई हे."

बीडच्या बसमध्ये त्यांनी मला हात वर धरून बसवलं. खाली सोडला की ठणका वाढायचा. कंडक्टरनं तिकीट देताना विचारलं, "सर, काही शंका हाय का?" माझा एक विद्यार्थी त्याच बसमध्ये होता. त्यानं ते पुढं शाळाभर सांगितलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी अंगठा बधिर करून चीर द्यायचं ठरवलं. म्हणाले, एक-दोन दिवस आणखी काढले असते तर अवघड होतं. आक्का माझ्या शेजारी उभ्या होत्या. डॉक्टरांनी हत्यार उचललं आणि आक्का एकदम पांढऱ्याफटक पडल्या. "मी भाईर हाय," म्हणून भिंतीच्या आधारानं निघून गेल्या. गावभरच्या ठणकणाऱ्या बोटांशी रोज गाठ पडणाऱ्या बाईला रक्त बघवत नव्हतं. चीर दिली जात असताना मला बाहेरून त्यांचा आवाज ऐकू येत होता. त्या कंपाउंडरला विचारत होत्या, "ही नखं कवा काढली व्हती बाबा?"

पट्टी बांधून आम्ही बाहेर निंबाखाली बसलो. गोळ्यांनी जरा बरं वाटत होतं.

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"तुम्ही खोली खाली करायला लावली असती."

"येड्या, मी आजवर कुणाला काढलंय का?" मग जरा थांबून, "लिंबू ना?"

"लिंबू."

त्यांनी मान हलवली. मग मी चौसाळ्याचं सगळं सांगितलं. पोहे, डावा हात, सात आणि नऊ. त्या पहिल्यांदा हसल्या. "कुणाची पोरगी?"

मी नानांचं नाव सांगितलं, आणि त्यांचं हसू थांबलं.

नाना त्यांचे चुलत भाऊ होते. चौसाळा आक्कांचं माहेर. आक्कांचे मालक एकदा निवडणुकीला उभे होते आणि नानांनी विरोधात काम केलं होतं. मालक थोडक्यात पडले. पुढं काही वर्षांनी ते वारले. "तवा आलता भेटाय," आक्का म्हणाल्या. "मी दार लावून घेतलं." तेव्हापासून त्या माहेरी गेल्या नव्हत्या. चौसाळ्यावरून जाणाऱ्या गाडीत बसल्या तरी गाव आलं की तोंड दुसरीकडं करायच्या.

त्यांनी गोळ्यांची पुडी पदराला बांधली आणि उठल्या.

काही दिवसांनी पट्टी बदलायला आम्ही परत बीडला गेलो. ताप गेला होता, रेघ उतरली होती. पट्टी झाली, स्टँडवर आलो, आक्का पुढं होत्या, त्या चढल्या त्या गाडीत मी चढलो. गाडी शहराबाहेर पडली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ही वडवणीची गाडी नाही.

"आक्का, ही कुठली गाडी?"

"गप बस."

नाना ओसरीवर बसले होते. आक्कांना दारात बघून ते उठून उभे राहिले. हातातला पेपर खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही.

"आक्के?"

"मत मागाय न्हाई आले," आक्का म्हणाल्या. त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता. "ह्याच्यासाठी आले. हे माझ्याकडं राहातंय."

"बस तर."

"आदी ऐक. ह्याचा हात लुळा न्हाई. हे नखं खातंय. त्यानं नखुरडं झालं, मला भ्यालं म्हणून लपिवलं, अन् वरून लिंबू घातलं. लुळा न्हाई, डावखुरा न्हाई. येडा हाय."

नानांनी माझ्याकडं बघितलं. मी पट्टीच्या हाताची बोटं हलवून दाखवली, एकेक करून, जमेल तेवढी. आयुष्यात एवढी केविलवाणी कसरत मी दुसरी केलेली नाही.

"मास्तर हायत ना हे?" नानांनी आक्कांना विचारलं.

"हाय की. मराठीचा."

मुलगी आतून येऊन चौकटीत उभी होती. ती थेट माझ्याशी बोलली. "त्या दिवशी सरळ का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"आणि खोटं बोलताना?"

"तेव्हाही वाटली. पण तोवर पोहे निम्मे झाले होते."

मग वडिलांना म्हणाली, "यांना खोटं बोलता येत नाही, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. हात बरा झाल्यावर मला यांच्याशी परत एकदा बोलायचंय." त्यानंतर आम्ही बीडला दोनदा बोललो, आणि उन्हाळ्यात आमचं लग्न झालं. माझे सात ती अजून तपासून घेते.

पण त्या दिवशी तेवढ्यावर थांबलं. नानांच्या बायकोनं पाणी आणलं आणि तांब्या धरून तशीच उभी राहिली, घेतील की नाही म्हणून. आक्कांनी तांब्याकडं बघितलं. मग घेतला आणि ओसरीच्या कडेला टेकून सगळं पाणी प्यायल्या. चहा आला, तोही घेतला.

नाना जमिनीकडं बघून म्हणाले, "तू दार लावलंस तवा मी दिवस बुडस्तवर भाईर बसलो व्हतो."

"ठावं हाय," आक्का म्हणाल्या. "फटीतनं दिसत व्हतास."

नानांनी आम्हाला गाडीपर्यंत सोडलं. आक्का खिडकीशी बसल्या. गाव मागं पडेपर्यंत त्या बाहेर बघत होत्या. शाळा गेली, दुकानं गेली, रस्त्याकडेची कपाशी सुरू झाली. बीड जवळ आल्यावर त्यांनी मला विचारलं, "मास्तर, त्या दिवशी मी दार उघडलं असतं, तर काय झालं असतं?"

मी विचार केला. "काही नाही, आक्का."

"तेच," त्या म्हणाल्या. "काईच झालं नसतं."

आणि पुढच्या सीटची दांडी धरून त्या बीड येईपर्यंत तशाच बसून राहिल्या.